सहा गाण्यांची तबकडी

गेल्या कार्तिकात आमच्या कचेरीत एक काम आले, ते आमच्या आजवरच्या वकिलीच्या चौकटीत बसणारे नव्हते. देवस्थानच्या धर्मशाळेतील मागची खोली चार तरुणांनी तालमीसाठी मागून घेतली होती. चौघेही आपल्याच घरांतले. दोघे कलबुर्गीस अभियांत्रिकी शिकणारे, एक भालकीकडचा, आणि एकाचे शिक्षण मध्येच सुटलेले. त्यांचा ड्रम व विजेवर वाजणाऱ्या गिटारी सायंकाळच्या आरतीत घुसू लागल्या, तेव्हा ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो ते वयोवृद्ध विश्वस्त स्वतः जिना चढून आले आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच म्हणाले, "वकीलसाहेब, नोटीस लिहा. सात दिवसांत खोली रिकामी झाली पाहिजे. ही देवाची जागा आहे, पत्र्याचा कारखाना नव्हे."

नोटीस लिहिणे हे पाव तासाचे काम. वकिलाने आपल्या अशिलापुरते पाहावे, प्रतिपक्षाचे गाऱ्हाणे त्याच्या वकिलाने ऐकावे, असा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. परंतु चाळिशी उलटल्यावर रिवाजापेक्षा कुतूहल बळावते की काय कोण जाणे, आम्ही त्या चौघांपैकी गिटार वाजविणाऱ्या मुलास बोलावून घेतले. तुमचे काय असेल ते आम्हांस एकदा नीट ऐकव, असे म्हटल्यावर तो संकोचला. "काका, आमचे अजून ऐकण्याजोगे काही झालेले नाही. आम्ही ज्यांचे ऐकून शिकलो त्यांचेच ऐका." असे म्हणून त्याने मोबाइलवर अमेरिकेतील सिॲटल शहराच्या 'साउंडगार्डन' या वाद्यवृंदाची 'स्क्रीमिंग लाइफ' ही १९८७ साली निघालेली छोटी ध्वनिमुद्रिका लावून दिली. आरंभीच्या प्रती म्हणे नारिंगी रंगाच्या तबकडीवर निघाल्या होत्या. तबकडी आम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण सवयीने तिला तबकडीच म्हणू.

सहा गाणी, अवघी बावीस-तेवीस मिनिटे. पहिल्या ऐकण्यात अप्पांचा पक्ष आम्हांस सर्वथा न्याय्य वाटला. दुसऱ्या ऐकण्यात शंका आली. त्यानंतर महिनाभर ती मुद्रिका आमच्या मागे लागली, आणि तिच्याविषयी जे मत झाले ते येथे मांडीत आहोत. या पानांवर कीर्तनाची, नाट्यसंगीताची, कोंकणी गीतांची चर्चा वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हा विषय परका वाटेल. तो परका आहेच. मात्र तो आता आपल्या धर्मशाळेच्या मागच्या खोलीत येऊन बसला आहे, तेव्हा त्याची ओळख करून घेतल्यावाचून त्यास हाकलणे बरे नव्हे.

या संगीतास 'ग्रंज' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ मळ, काजळी. त्याच वर्षी त्याच कंपनीने 'ग्रीन रिव्हर' नामक दुसऱ्या वाद्यवृंदाची अशीच एक छोटी मुद्रिका विकावयास काढली, तेव्हा हे ग्रंज संगीत असून त्याने एका अख्ख्या पिढीची नीतिमत्ता धुळीस मिळविली आहे, अशी बढाई विक्रेत्यानेच जाहिरातीत मारली होती. आरोपीनेच असा कबुलीजबाब दिल्यावर फिर्यादीस साक्षीदार हुडकण्याची गरज नाही, असे अप्पा म्हणतील. पण हा कबुलीजबाब थट्टेचा होता, आणि या मंडळींची थट्टा ओळखणे भल्याभल्यांस जमले नाही. १९९२ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या वृत्तपत्राने ग्रंजवाल्यांच्या बोलीचा एक शब्दकोशच छापला. तो कंपनीच्या पूर्वीच्या एका कर्मचारिणीने दूरध्वनीवर बसल्या जागी रचून सांगितला होता, हे मागाहून उघडकीस आले. ऐकीव पुरावा कायद्याला का चालत नाही, हे नव्या वकिलांना समजावून सांगावयास यापेक्षा चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. म्हणून जाहिरात बाजूस ठेवावी आणि मूळ वस्तूच तपासावी.

सिॲटल हे शहर अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पावसाळी, विमानांच्या कारखान्यावर पोसलेले. गाण्याचा बाजार लॉस एंजेलिसला आणि न्यूयॉर्कला. दौऱ्यावर निघालेले मोठे वाद्यवृंदही पुष्कळदा या गावाला वगळून जात. येथे १९८४ मध्ये ख्रिस कॉर्नेल, किम थायिल आणि हिरो यामामोटो या तिघांनी साउंडगार्डनची स्थापना केली. थायिलचे आईवडील केरळातले, मल्याळी, आई संगीतशिक्षिका. म्हणजे आपल्या शेजारच्याच प्रांताचे रक्त. यामामोटो जपानी वंशाचा. वाद्यवृंदाचे नाव त्यांनी घेतले ते गावातल्याच एका शिल्पावरून: डग्लस हॉलिस या शिल्पकाराने सरोवराकाठी पोलादी मनोरे उभे करून त्यांच्या माथ्यावर असे नळ बसविले आहेत की वारा वाहू लागला म्हणजे ते आपोआप वाजू लागतात. पुढे मॅट कॅमेरॉन हा ढोलवादक येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली.

मुद्रणाची हकीकत तर आम्हांस गाण्यांइतकीच मोलाची वाटली. जॉनथन पोनमन हा विद्यापीठाच्या आकाशवाणीवर गाणी लावणारा तरुण. 'नथिंग टु से' हे त्यांचे गाणे ऐकून तो इतका भारावला की त्यांच्या मुद्रिकेसाठी पैसे घालावयास तयार झाला. थायिलचा जुना मित्र ब्रूस पॅव्हिट हा 'सब पॉप' या नावाने आधी एक नियतकालिक काढीत असे व पुढे मुद्रिका काढू लागला होता. थायिलने या दोघांची गाठ घालून दिली. पोनमनने वीस हजार डॉलर घातले आणि भागीदारी सुरू झाली. ध्वनिमुद्रणगृहाचे नाव 'रेसिप्रोकल रेकॉर्डिंग'. बॅलर्ड भागातली एक चिंचोळी त्रिकोणी इमारत, आत आठ पट्ट्यांवर ध्वनी नोंदविणारे यंत्र. म्हणजे ढोल, गिटारी, गळा, सारे मिळून आठच वेगळ्या नोंदी ठेवता येणार. नववी हवी असेल तर आधीची एखादी पुसावी लागणार किंवा दोहोंची एक करावी लागणार. यंत्रावर बसणारा जॅक एन्डिनो हा पूर्वी नौदलाच्या गोदीत विद्युत अभियंता होता, आणि स्वतः दुसऱ्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवी. कॅमेरॉन त्याचाच जुना साथीदार. वाजविणारा, मुद्रण करणारा, पैसे घालणारा, विकणारा, सारे एका गावचे आणि एकमेकांच्या घरी जेऊन उठलेले म्हणावेत असे. परगावच्या कोणाची मर्जी सांभाळावयाची नव्हती. मुद्रिकेत जो उद्धटपणा आहे तो येथून आलेला आहे, आणि तिच्यात जो खरेपणा आहे तोही येथूनच.

आता गाणी. 'नथिंग टु से' हे चौथे गाणे आम्ही आधी घेतो, कारण त्याच्यापाशी आमचे मत फिरले. गिटारीची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार नेहमीच्या सुरापेक्षा पूर्ण एका स्वराने खाली उतरवून हे गाणे वाजविले आहे. मुलाने आमच्यासमोर आपली तार तशी उतरवून खालच्या तिन्ही तारा मोकळ्या छेडल्या, आणि आम्ही चमकलो. सा, प, सा! आपल्या तानपुऱ्याचेच स्वर, केवळ क्रम निराळा. शिवाय या वाद्यवृंदाच्या जाडजूड सुरावटीत बहुतेक ठिकाणी षड्ज आणि पंचम एवढेच वाजतात, गंधार नसतोच. गंधार नसल्यामुळे तो शुद्ध की कोमल, म्हणजे पुढे येणारा भाव प्रसन्न की उदास, हे वाद्य सांगत नाही. ते गळ्यावर सोपविलेले असते. तानपुऱ्याचे तत्त्व याहून वेगळे काय आहे? थायिलने हे आईकडून घेतले की आजोळाकडून, असले तर्क आम्ही करणार नाही. पाश्चात्त्य गिटारवादकांत तार उतरविण्याची ही रीत त्याच्याआधीपासून होती. परंतु कानाला जे ऐकू आले ते नाकारण्याचे कारण नाही.

दुसरे, त्या सुराचा तो राकट, फाटलेला पोत, ज्याला अप्पा पत्र्याचा कारखाना म्हणतात. त्याबाबत आम्हांस बिदरच्या कारागिरांची आठवण झाली. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरून तीत रुप्याची तार ठोकून बसवितात. मग किल्ल्यातली विशिष्ट माती नवसागराबरोबर कालवून तिचा लेप देतात. धातू काळाकुट्ट होतो, रुपे मात्र तसेच पांढरे राहते, आणि त्या काळ्यावर ते जसे उठून दिसते तसे उजळ धातूवर कधीच दिसते ना. 'नथिंग टु से'मध्ये गिटारीचा काळा लेप मंद गतीने पसरत जातो आणि त्यावर कॉर्नेलचा गळा तारसप्तकात असा लखलखतो की मातीचे प्रयोजन पटते. गती संथ आहे, जवळजवळ पालखीच्या चालीची. घाई नाही. या गाण्यात ही माणसे आपल्या सामर्थ्याची मालक आहेत.

सहाही गाण्यांविषयी असे म्हणता येणार नाही. 'हंटेड डाउन' या पहिल्या गाण्यात पाठलाग झालेल्या जनावराची धाप चांगली पकडली आहे, आणि ते वेळेवर संपते हा त्याचा आणखी एक गुण. 'टियर्स टु फर्गेट' हे दोन मिनिटांचे गाणे म्हणजे आमच्या मते नुसती माती, रुपे नाहीच. इतक्या वेगात इतक्या उंचावर ओरडले म्हणजे ताकद दिसते, पण आर्तता हरवते. 'लिटल जो'मध्ये ठेका नाचरा आहे; चौघांनाही तो मनापासून येत असेल असे वाटले नाही, दुसऱ्याचा सदरा घालून सभेत आल्यासारखे ते गाणे अवघडलेले आहे. शब्द तर जागोजागी बुडून जातात. शब्द ऐकू न येणे हा त्यांच्या लेखी दोष नसेल. कीर्तनावर वाढलेल्या आमच्या कानांना तो दोषच वाटतो, आणि तो आम्ही नोंदवून ठेवतो.

तरीही एकूण मुद्रिका आम्ही वरच्या प्रतीची मानतो, आणि याचे एक कारण तिचे लहानपण हेच आहे. पुढे या वाद्यवृंदाने मोठाल्या मुद्रिका काढल्या. १९९४ ची 'सुपरअननोन' अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्याच आठवड्यात अग्रभागी गेली. त्यांतील काही आम्ही ऐकल्या. कौशल्य पुष्कळ वाढलेले आहे. परंतु सहाच गाण्यांची जागा असताना काय ठेवावे आणि काय टाकावे याचा जो निवाडा करावा लागतो, तो सत्तर मिनिटांची मुभा मिळाल्यावर कोणी करीत नाही. आमच्या न्यायालयातही, युक्तिवादाला तास मिळाला की वकील दिवस मागतो आणि मुद्दा हरवतो.

लहान तबकडीत काय मावणार, हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि तास तास एक राग मांडणाऱ्या गवयांना तेवढ्यात काय सांगावे हे संकट वाटे. केसरबाई केरकर या फोंड्याजवळच्या केरी गावच्या. मैफलीच्या बाबतीत अत्यंत करारी. त्यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची चीज अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्ण-तबकडीत घेतली गेली, आणि ती याने १९७७ मध्ये, केसरबाईंच्या निधनाच्याच वर्षी, अंतराळात सुटली. त्यांतील पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. एवढ्या प्रवासाला निघालेल्या शिदोरीत आपल्या देशाचे म्हणून जे गाणे आहे ते साडेतीन मिनिटांचे आहे. दोन्ही तबकड्यांची आम्ही तुलना करीत नाही. करणे हास्यास्पद होईल. केवळ एवढेच म्हणतो की लांबीवरून वजन ठरवू नये.

येथे आमच्या मनातली एक सल सांगितली पाहिजे. आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यातून १९४८ मध्ये सुटला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून येथला मराठी माणूस शाबासकीसाठी पुण्याकडे पाहतो, कागदपत्रांसाठी बंगळुराकडे, आणि दवाखान्यासाठी सोलापूर वा हैदराबादकडे. आपल्या अंगणात काय आहे ते कोणी बाहेरच्याने येऊन सांगावे लागते. माणिकनगरला माणिकप्रभूंच्या गादीपुढे मराठी, हिंदी, कानडी पदे गायिली जातात आणि ऐकणाऱ्याला भाषा बदलल्याचे भानही राहत नाही. गाणगापुरास पालखीपुढे जमणाऱ्यांत सोलापूरचा, विजापूरचा, लातूरचा माणूस एकाच टाळाच्या ठोक्यावर असतो. कलबुर्गीच्या दर्ग्याभोवती दख्खनी बोलली जाते, ती आमच्या घरच्या मराठीतही अर्धी मिसळलेली आहे. हा सारा ऐवज कोणी एखाद्या लहानशा खोलीत, गावातल्याच माणसाच्या हातून, गावातल्याच पैशाने मुद्रित करावा असे आमच्या पिढीला सुचले नाही. आम्ही मोठ्या कंपनीची वाट पाहत बसलो. सिॲटलच्या त्या पोरांनी वाट पाहिली नाही, एवढाच आमच्या दृष्टीने त्यांचा व आमचा फरक. आणि तो लहान नाही.

धार्मिक वृत्तीच्या वाचकांचा खरा आक्षेप मात्र आवाजाला नसावा. तो त्या किंकाळीला असावा. हा माणूस ओरडतो कशासाठी? भगवंतांनी भक्तांचे जे चार प्रकार गीतेत सांगितले आहेत त्यांत पहिला आर्त आहे. म्हणजे हाक मारणे आपल्याकडे निषिद्ध नाही, उलट भक्तीची ती पहिली पायरी आहे. पण आर्ताच्या हाकेला पत्ता असतो. या मुद्रिकेतली हाक बिनपत्त्याची आहे. ती ऐकताना आम्हांस वारंवार असे वाटले की पत्र लिहिले आहे, तिकीटही लावले आहे, आणि वर नाव घालावयाचे राहिले आहे. हा तिचा दोष म्हणावा की त्या समाजाचे दुःख, याचा निर्णय आम्हांस करवत नाही. कॉर्नेलने १८ मे २०१७ रोजी डेट्रॉइट येथे आपले जीवन स्वतःच संपविले. तेवढ्यावरून तीस वर्षांपूर्वीची प्रत्येक तान त्या शेवटाकडे जात होती असे म्हणणारे लेख आमच्या वाचनात आले. आम्हांस ते पटत नाही. मागाहून घडलेल्या गोष्टीवरून आधीचा हेतू सिद्ध करू नये, हा न्यायाचा साधा नियम आहे, आणि मृताच्या बाबतीत तर तो अधिकच पाळावा. १९८७ मधला तो तेवीस वर्षांचा गायक आमच्या कानांना थकलेला वाटत नाही. आपला गळा कोठवर जातो हे पाहणारा वाटतो.

महिन्याअखेरीस त्या मुलांनी आपली स्वतःची पाच गाणी आम्हांस ऐकविली. त्यांनाही अशीच एक छोटी मुद्रिका काढावयाची आहे. खर्च चौघांनी वाटून घेतला आहे, आणि मुद्रणयंत्र म्हणजे एकाचा लॅपटॉप. चार गाणी इंग्रजीत होती. त्यांत कॉर्नेल दिसत होता, मुलगा दिसत नव्हता. आरशात पाहून दुसऱ्याचे तोंड दिसावे तसे. पाचवे त्यांच्या घरच्या बोलीत, मराठीत सुरू होऊन मध्येच कानडीत जाणारे आणि दख्खनीत संपणारे, बसस्थानकावर रात्रीच्या शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाचे. खालच्या तारेवर सा-प-सा घुमत होता आणि वरचा गळा, कच्चा असला तरी, त्याचा स्वतःचा होता.

"हे पहिले ठेव," आम्ही म्हणालो.

"काका, तेच आम्ही काढून टाकणार होतो. लोक हसतील."

"कोण लोक?"

त्याने पुण्याचे आणि बंगळुराचे नाव घेतले.

त्याच सायंकाळी आम्ही अप्पांकडे गेलो. ते उमेदीत भजनात पेटी वाजवीत, कान अजून पक्का आहे. मोबाइलवर त्यांना 'नथिंग टु से'चा आरंभ ऐकविला आणि गाऱ्हाण्याविषयी काही बोललो नाही. डोळे मिटून त्यांनी मिनिटभर ऐकले. "खर्ज धरला आहे चांगला," ते म्हणाले. मग गळा सुरू झाला, तेव्हा कपाळावर आठी पडली. "पण हा एवढा ओरडतो का, वकीलसाहेब? कोणी ऐकत नाही की काय याचे?"

नोटिशीचा मसुदा अजून आमच्या खणात आहे. येत्या गुरुवारी विश्वस्तांची बैठक आहे. तीत आम्ही खोली रिकामी करण्याची नव्हे, तर दिवेलागणीपासून आरती संपेपर्यंत ती बंद ठेवण्याची अट मांडणार आहोत. खिडक्यांना जाड गोधड्या लावण्याचे मुलांनी आपणहून कबूल केले आहे. अप्पांचे मत बैठकीत काय पडेल ते सांगता येत नाही. मात्र त्यांनी निरोप धाडला आहे की ते पाचवे गाणे त्यांना एकदा समोर बसून ऐकावयाचे आहे, ढोल वगळून.